सोडचिठ्ठीच्या बारा ओळी

अलिबागच्या इस्रायल आळीत हवाई पत्र आलं की ते एका घरापुरतं राहत नसे. निळसर पातळ कागद, कडा डकवलेल्या, आत मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक मराठी. शेजारच्या मावशींना चष्मा लावूनही ते अक्षर लागायचं नाही, म्हणून वाचायला मला हाक यायची. त्यांचा थोरला मुलगा बीरशेबाला गेला होता. १९६४ च्या पावसाळ्यात त्याचं एक पत्र आलं, ते मला आजही आठवतं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्याने लिहिलं होतं की आपली माणसं कामधंदा सोडून, बायकामुलांना घेऊन यरुशलेमला रस्त्यावर बसली आहेत. आणि घरात कुणाला ठाऊक असेल तर आजीच्या आईचं माहेर कोणतं, तिचं लग्न कुणी लावलं, तिने किंवा तिच्या आईने दुसरं लग्न केलं होतं का, ते सगळं लिहून पाठवा.

मावशी पत्र हातात घेऊन तशाच आमच्या ओटीवर आल्या. माझे वडील वकील. पागोळ्यांच्या आवाजातून त्यांना ऐकू जावं म्हणून मावशी जरा मोठ्यानेच बोलल्या, "अण्णा, माझ्या आजीच्या लग्नाचा कागद कोर्टात मिळेल का हो?"

अण्णा म्हणाले, "ताई, लग्न झालं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कागद कोण कशाला करील?"

मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग "तिथे गाव नाही ना आमचं," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

पुढे मीही वकील झाले, कौटुंबिक दाव्यांत माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्या वाक्याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. ज्यूंचा जो धर्मकायदा दोन हजार वर्षं राज्याशिवाय जगला, तो गावाच्या आठवणीवर आणि ग्रंथाच्या पानावर असा दोन्हीकडे जगला. कोकणात त्याला आठवण मिळाली होती. १९६२ साली यरुशलेममध्ये त्याने कागद मागितला.

बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांबद्दल इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको, तरी थोडं सांगते. त्यांच्या परंपरेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा वंश इथे वाढला. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. पेणकर, रोहेकर, झिराडकर, केहिमकर, अष्टमकर ही आडनावं म्हणजे आपल्या जिल्ह्याचा नकाशाच. ग्रंथ हरवले होते. 'शमा' ही प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता, शनिवारचा विसावा आणि खवले-पर असलेलीच मासळी खाण्याचा नेम, एवढं उरलं होतं. कोचीनच्या ज्यूंनी त्यांना पुन्हा हिब्रू शिकवलं. काझी नेमले गेले आणि घरातले तंटे ते सोडवू लागले. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. गावाकडे त्यांना सामाजी हसाजी म्हणत. हे दुहेरी नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे. प्रार्थनामंदिराभोवती मुकादम, चौगुले, गबई, हज्जान असा कारभार उभा राहिला. शब्द बघा, निम्मे गावगाड्यातले, निम्मे हिब्रूतले.

आता मूळ कायद्याकडे वळते.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. त्यांतल्या पाचव्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात घटस्फोटाचा उल्लेख येतो, तोही जाता जाता. विषय वेगळाच आहे: बायकोला सोडली, तिने दुसरा नवरा केला, तर पहिल्याने तिला परत घेऊ नये. या नियमाच्या ओघात एवढंच येतं की नवरा एक लेख लिहितो, तिच्या हातात देतो आणि तिला घरातून लावून देतो. मराठी बायबलात या लेखाला सूटपत्र म्हटलं आहे. आपल्याकडे अनेक जातींत हीच सोडचिठ्ठी. काही ठिकाणी काडीमोड, म्हणजे काडी मोडून नातं संपवणं. ज्यू कायद्यात तिचं नाव 'गेट'. एका ओझरत्या उल्लेखावर पुढे अख्खा ग्रंथ उभा राहिला. इसवी सन २०० च्या सुमारास यहुदा हनासी या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, तोंडी परंपरा मिश्ना म्हणून एकत्र केली, त्यात 'गिट्टीन' नावाचे नऊ अध्याय याच लेखावर आहेत. त्यावर बाबिलोनिया देशातल्या पाठशाळांनी तीनेकशे वर्षं वाद घातला, तो तालमूद.

तालमूदाचं छापील पान मी प्रथम पाहिलं तेव्हा मला आमच्या घरातल्या सटीप पोथीची आठवण झाली. मधोमध मूळ मजकूर, आतल्या कडेला राशी नावाच्या पंडितांची टीका, बाहेरच्या कडेला त्यांच्या नातवंडांनी आणि शिष्यांनी घेतलेल्या शंका. याज्ञवल्क्यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, ती शतकानुशतकं न्यायालयांत कायदा म्हणून वाचली गेली, तसंच हे. आपल्या कोकणच्याच पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना जे दाखवलं, तेच इथेही दिसतं. वचन एकच राहतं, पण टीकाकार त्याला आपल्या काळापर्यंत चालवत आणतो.

मिश्नेतले दोन प्रसंग मला वकील म्हणून फार आवडतात. एक माणूस रस्त्याने जात असतो. कुणीतरी लेखनिक उमेदवारांना शिकवण्यासाठी मोठ्याने सूटपत्राचा मजकूर सांगत असतो, अमक्याने तमकीला सोडलं. नेमकी तीच नावं या माणसाची आणि त्याच्या बायकोची. तो म्हणतो, वा, हे तर माझंच आहे, द्या. चालणार नाही. लेख तिच्यासाठी म्हणून, तिलाच मनात धरून लिहिलेला हवा. छापील नमुन्यात नाव भरलेला कागद गेट होत नाही. दुसरा प्रसंग लेख कशावर लिहावा याचा. जैतुनाच्या पानावर चालतो, गाईच्या शिंगावरही चालतो. मात्र शिंगावर लिहिलात तर शिंग कापून देता येणार नाही, अख्खी गाय तिला द्यायला हवी. वाचताना गंमत वाटेल, पण आत काय आहे बघा. तिच्या हातात काहीतरी पूर्णपणे तिचं पडलं पाहिजे. 'गेलीस तर जा' असं तोंडाने म्हणून तिला वाऱ्यावर सोडता येणार नाही. माझ्याकडे किती बायका आल्या असतील, ज्यांना नवऱ्याने असंच तोंडी टाकलं होतं, आणि त्या ना सासरच्या ना माहेरच्या अशा दहा-दहा वर्षं लोंबकळत होत्या.

पण दुसरी बाजूही लपवत नाही. हा लेख नवऱ्याने द्यायचा असतो, तोही स्वखुशीने. न्यायालय तो स्वतः देऊ शकत नाही. कारण कोणतं पुरेल यावर शम्माय आणि हिल्लेल यांच्या शाळांचं एकमत नव्हतं. शम्मायवाले म्हणत बायकोने मर्यादा सोडली असेल तरच, हिल्लेलवाले म्हणत तिने अन्न करपवलं तरी पुरे. सुमारे हजार साली माइंत्सच्या रब्बी गेर्शोम यांच्या नावाने युरोपातल्या ज्यूंमध्ये दोन बंदी हुकूम रूढ झाले: एका वेळी दोन बायका नकोत, आणि बायकोच्या संमतीशिवाय तिला सोडायची नाही. वचन बदललं नाही, वचनाभोवती कुंपण घातलं. पौर्वात्य ज्यूंनी ते कुंपण लगेच स्वीकारलं नाही.

नवरा देतच नसेल तर? बाराव्या शतकात मैमोनिदीज या ज्यू पंडितांनी यावर जो विचार केला, तो मला धर्मशास्त्रातल्या सर्वांत खोल विचारांपैकी एक वाटतो. धर्मन्यायालयाने सांगूनही तो देत नसेल तर त्याला मारझोड करून 'देतो' म्हणायला लावावं, आणि तो लेख खराच स्वखुशीचा समजावा. कसं? तर प्रत्येक ज्यू माणसाला मनाच्या तळाशी धर्माप्रमाणे वागायचंच असतं, दुष्ट वासनेने ती इच्छा दाबून ठेवलेली असते; मार वासनेला बसतो आणि खरी इच्छा मोकळी होते. तरीही मिश्नेत एक अट आहे. परधर्मी राज्याने स्वतःच्या मनाने जबरदस्ती केली तर गेट बाद. ज्यू न्यायालय सांगतं ते कर, असं म्हणून केली तर वैध. म्हणजे राज्याचा दंडुका चालेल, पण त्यामागचा हुकूम धर्मन्यायालयाचा हवा. दिवाणी कायदा आणि धर्मकायदा यांच्यामधली भिंत इतकी बारकाईने कुणी बांधल्याचं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

तिसऱ्या शतकात शमुएल नावाच्या बाबिलोनी पंडिताने सांगितलं होतं की राज्याचा कायदा हाही कायदाच. कर, जमीन, खरेदीखत, कर्ज या बाबतींत ज्यूंनी हे मनापासून मानलं. त्याआधीही हिल्लेलने अशीच वाट काढली होती. दर सातव्या वर्षी देणी माफ होतात, म्हणून लोक गरिबाला कर्जच देईनात. तेव्हा धनकोने आपलं येणं न्यायालयाच्या स्वाधीन केल्याचा लेख करावा आणि मग ते वसूल करता यावं, अशी सोय त्याने केली. पैशात असं जमलं. लग्नात मात्र शमुएलचं सूत्र थांबतं. राजाने कितीही सांगितलं तरी लग्नगाठ सोडणारा राजा नव्हे, ती लेखानेच सुटते.

आणि ती सुटली नसेल तर पुढचा भाग भयंकर आहे. गेट न घेता बाईने दुसरं लग्न केलं, तर धर्माच्या नजरेत ती पहिल्याचीच बायको. दुसऱ्यापासून झालेलं मूल 'ममझेर'. या शब्दाला मराठीत अनौरस म्हणतात, पण ते बरोबर नाही. कुमारी मातेचं मूल ममझेर नसतं. परस्त्रीच्या पोटी, तिच्या नवऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्यापासून झालेलं मूल ममझेर, आणि त्याला, त्याच्या मुलाला, नातवाला, पिढ्यान्‌पिढ्या सर्वसाधारण ज्यू घरात लग्न करता येत नाही. या एका शब्दाच्या भीतीनेच मावशींच्या मुलाला आजीच्या आईचं माहेर शोधायला लावलं होतं.

त्या भीतीला राज्याचं बळ कसं मिळालं, तेही सांगते. तुर्की अमलात प्रत्येक धर्मसमाजाचे लग्न-घटस्फोट त्याच्या त्याच्या धर्मन्यायालयात चालत. इंग्रजांनी पॅलेस्टाइनमध्ये १९२२ च्या फर्मानाने तीच व्यवस्था चालू ठेवली. इस्रायल राष्ट्र झाल्यावर १९५३ मध्ये संसदेने कायदा करून देशातल्या ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट संपूर्णपणे रब्बींच्या न्यायालयाकडे दिले, आणि ते तोरेच्या कायद्याप्रमाणे व्हावेत असं लिहिलं. वारशाचा कायदा १९६५ मध्ये दिवाणी झाला, मुलगा-मुलगी समान. लग्न तेवढं तिथेच राहिलं. नवगाव-रेवदंड्याहून गेलेल्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, आपण आपल्याच घरी आलो.

ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने निर्णय दिला की बेने इस्रायलांशी लग्न करायला मूलतः हरकत नाही. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये नोंदणी करणाऱ्या रब्बींना ज्या सूचना गेल्या त्यांत म्हटलं होतं की बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करणार असेल, तर आईची आई, तिची आई, अशी जमेल तितकी मागे चौकशी करावी. पूर्वजांत कुणी परधर्मी होतं का, कुणी घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलं होतं का, कुणी निषिद्ध नात्यात लग्न केलं होतं का, ते पाहावं. शंका आली तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे. पोलंडच्या किंवा मोरोक्कोच्या ज्यूंना ही प्रश्नावली सरसकट लावली नव्हती. एका समाजाचं नाव घेऊन ती लिहिली होती.

रब्बींच्या बाजूने विचार करून पाहिला, कारण समोरच्याची बाजू आधी मांडायची सवय आम्हा वकिलांना असते. त्यांचं म्हणणं असं की या लोकांकडे शेकडो वर्षं गेटचं ज्ञान नव्हतं. मग कुणाची काडीमोड झाली असेल, ती बाई पुन्हा कुणाच्या घरी नांदली असेल, तर त्या वंशात ममझेर असण्याची शक्यता आहे. तर्क सरळ आहे. पण तो कोकणातल्या एका रूढीपाशी येऊन कोसळतो.

बेने इस्रायलांच्या इतिहासकारांनीच नोंदवून ठेवलं आहे की त्यांच्यात काडीमोड क्वचितच होई, आणि विधवेचं पुन्हा लग्न लावायची रीत बराच काळ नव्हती. तोरेत तर उलट आहे. निपुत्रिक विधवेशी दिराने लग्न करावं, नाहीतर तिने त्याच्या पायातला जोडा काढून मोकळं व्हावं. पण कोकणात भावजय आईसारखी. शेजारच्या वाड्यांतली सोवळी चाल त्यांच्या घरांतही शिरली, आणि तरुण विधवा आयुष्यभर पांढरं नेसून घाण्याशेजारी बसली. या चालीने बायकांचं काय केलं हे मी माझ्या आजोळी पाहिलं आहे, तिचं समर्थन मी मरेपर्यंत करणार नाही. पण पुराव्याच्या दृष्टीने बघा: जिथे सोडलेली आणि विधवा बाई दुसरं लग्नच करत नाही, तिथे सदोष सूटपत्रामुळे ममझेर जन्माला येणार कसा? त्या बायकांनी एकटीने काढलेल्या आयुष्यांनी त्यांच्या पणतवंडांची कूळशुद्धी केव्हाच सिद्ध करून ठेवली होती. रूढी पुरावा म्हणून न वाचता दोष म्हणून वाचली गेली, ही माझी १९६२ च्या त्या कागदाबद्दलची तक्रार आहे.

आणि रूढी पुरावा म्हणून वाचायची सवय आमच्या कोर्टांना होती. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन चारमध्ये, कलम २६ ने न्यायाधीशाला क्रम घालून दिला: आधी कायदे आणि रेग्युलेशनं, ते नसतील तर मुलखाची रूढी, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि तेही नसेल तर न्याय, समन्याय आणि सद्‌विवेक. त्याच साली आर्थर स्टीलने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीतींचं टिपण केलं, त्यात पाट लावणं, सोडचिठ्ठी देणं हे सगळं आहे. साहेब परका होता, पण निदान विचारत होता की तुमच्याकडे काय चालतं?

मालमत्तेच्या बाबतीत इंग्रजांनी ज्यूंचा धर्मकायदा बाजूला ठेवला. १८६५ चा आणि मग १९२५ चा भारतीय वारसा कायदा त्यांना लागू झाला. मृत्युपत्र नसेल आणि मुलंबाळं असतील तर विधवेला एक तृतीयांश, बाकी मुलगे-मुली समान. तोरेत सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून म्हणतात की आम्हाला भाऊ नाही म्हणून बापाचं नाव का पुसावं, आणि त्यांना वाटा मिळतो. पण भाऊ असला की मुलीचा हक्क नाही, आणि थोरल्याला दुप्पट. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. पाचही नावं ग्रंथाने जपली आहेत. मुलींच्या वाट्याचे दावे लढवताना मी ती मनातल्या मनात किती वेळा म्हटली असतील.

लग्नाचं मात्र काहीच झालं नाही. १८६९ चा घटस्फोट कायदा ख्रिस्ती माणसांसाठी, पारशांचा वेगळा, हिंदूंना मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आणि देशभर १९५५ मध्ये मिळाला, मुसलमान बायकांसाठी १९३९ चा. ज्यूंसाठी कोणी कायदा केलाच नाही, संख्या इतकी थोडी. मग मुंबई उच्च न्यायालयापुढे एका ज्यू पत्नीचा दावा आला. १९२६ च्या विधी-अहवालांत तो छापलेला आहे. न्यायालयाने दावा ऐकण्याचा आपला अधिकार मानला, आणि ज्यू कायद्यालाच आधार धरून तिला वाट दिली. १९७९ मध्ये छापलेल्या दुसऱ्या एका निकालातही तीच वाट चालू राहिली. तोपर्यंत निम्म्याहून अधिक समाज देश सोडून गेला होता.

यरुशलेमला काय झालं? लोक उठले नाहीत. १७ ऑगस्ट १९६४ ला संसदेचं खास अधिवेशन भरलं, लेवी एश्कोल पंतप्रधान होते. बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि रब्बीमंडळाने त्यांच्याबद्दलचा दुजाभाव दूर करावा, असं तिथे ठरलं. महिनाअखेरीस रब्बीमंडळाने सूचनेतून समाजाचं नाव काढलं आणि तिथे 'ज्याच्याबद्दल शंका असेल असा कोणीही' असे शब्द घातले. नाव पुसलं गेलं. प्रश्नावली तशीच उरली. मावशींच्या मुलाने पुढे लग्न केलं, रोह्याच्याच मुलीशी.

नव्वदच्या दशकात त्या घरातली एक भाची माझ्याकडे आली. तिचा घटस्फोट मी इथल्या कोर्टात चालवला. निकाल लागला, नक्कल मिळाली, ती आणि तिचा तो नवरा दोघंही वेगवेगळी इस्रायलला गेली. तिथे तिला पुन्हा संसार मांडायचा होता. आमच्या कोर्टाचा शिक्का पाहून तिला सांगण्यात आलं की हे ठीक, पण गेट कुठे आहे? नवऱ्याने आधी दोन वर्षं टाळाटाळ केली. १९९५ मध्ये तिथे एक कायदा झाला, त्याने रब्बी-न्यायालयाचा हुकूम न मानणाऱ्या नवऱ्याचा पासपोर्ट, गाडीचा परवाना, बँकेचं खातं रोखायचा आणि त्याला तुरुंगात टाकायचाही अधिकार न्यायालयाला दिला. मैमोनिदीजचा तोच विचार, नव्या हत्यारांनी. त्याच्या गाडीचा परवाना गेला आणि तो कबूल झाला. सगळेच होत नाहीत. तिथला एक जण गेट देईना म्हणून बत्तीस वर्षं तुरुंगात राहिला आणि तिथेच वारला. त्याची बायको तोवर अडकलेलीच राहिली. अशा अडकलेल्या बाईला 'अगुना' म्हणतात, म्हणजे जहाजाच्या नांगराला बांधलेली. नवरा युद्धात बेपत्ता झाला तर एरवी दोन साक्षीदार मागणारं तालमूद एकाच साक्षीवर, बाईच्याही साक्षीवर विश्वास ठेवायला तयार होतं. १९७३ च्या युद्धानंतर रब्बी ओवादिया योसेफ यांनी याच परंपरेतून सैनिकांच्या शेकडो बायकांना मोकळं केलं. मेलेल्या नवऱ्यासाठी इतकी वाट काढणारा कायदा जिवंत, हट्टी नवऱ्यापुढे एवढा हतबल का व्हावा, याचं उत्तर मला पटेल असं कुणी दिलेलं नाही. न्यूयॉर्क राज्याने १९८३ मध्ये दिवाणी कायद्यातच तरतूद केली की घटस्फोट मागणाऱ्याने समोरच्याच्या पुनर्विवाहातले अडथळे दूर केल्याशिवाय त्याला हुकूमनामा मिळणार नाही. भारतात असं काही नाही.

भाचीने त्या दिवसाचं सविस्तर पत्र मला लिहिलं. खोलीत तीन न्यायाधीश, दोन साक्षीदार, एक लेखनिक. लेखनिकाने कागद, शाई आणि बोरू आधी नवऱ्याला बक्षीस दिले, म्हणजे लेख त्याच्याच वस्तूंनी त्याचा व्हावा. मग तिला आणि त्याला नावं विचारायला सुरुवात केली. ज्यू नाव कोणतं? शाळेत कोणतं होतं? घरी काय म्हणत? आणखी कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत होतं का? वडिलांचं नाव? त्यांना गावात काय म्हणत? एक नाव जरी सुटलं तरी लेख बाद होऊ शकतो, म्हणून गेटमधली नावं आणि गावं कशी लिहावीत यावर स्वतंत्र ग्रंथ आहेत. गाव कोणत्या नदीकाठी आहे हेही लिहावं लागतं. तिने सांगितलं की वडील अब्राहाम, पण नागावला सगळे अबाजी म्हणत. नवऱ्याचा बाप मोझेस, गावाकडे मुसाजी. लेखनिकाने दोन्ही पुन्हा पुन्हा उच्चारून घेतली. 'जी' कसा लिहावा यावर न्यायाधीशांची आपसांत बराच वेळ चर्चा झाली, असं तिने लिहिलं आहे.

बारा ओळी. अरामी भाषेत. हिब्रू अक्षरांना आकड्यांचं मोल असतं, आणि 'गेट' या शब्दाच्या दोन अक्षरांची बेरीज बाराच होते. साक्षीदारांनी सह्या केल्या, लेख वाचला गेला, घडी घातली गेली. तिला दोन्ही हात ओंजळीसारखे धरायला सांगितले. बोटांत अंगठीसुद्धा नको. नवऱ्याने वरून घडी सोडली. तिने ती मिटल्या हातांनी उचलली, काखेत धरली, काही पावलं चालून दाखवली, म्हणजे ती आता स्वतःच्या मालकीची वस्तू घेऊन स्वतःच्या पायांनी निघाली. मग लेख परत घेऊन त्यावर छेद दिला गेला, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून, आणि त्याऐवजी तिला दाखला मिळाला. ब्याण्णव दिवस थांबून ती लग्न करू शकत होती.

त्या दाखल्याची छायाप्रत तिने पत्रासोबत पाठवली होती. ती मी आमच्या कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या नकलेबरोबर एकाच फाइलीत ठेवली आहे. आमच्या हुकूमनाम्यात तिच्या वडिलांचं नाव अब्राहाम एवढंच आहे, जन्मदाखल्यात होतं तसं. आम्ही त्यापलीकडे विचारलंच नाही. हिब्रूत लिहिलेल्या दाखल्यात, मला वाचून दाखवणाऱ्या माणसाने बोट ठेवून दाखवलं, तिथे दोन्ही आहेत. अब्राहाम. अबाजी.